संगणक : शोभेचा की कामाचा?

"आजचे युग हे संगणकाचे युग आहे" हे वाक्य आपण पाचवीपासून निबंधात लिहीत आलो आहोत. मीही लिहिले आहे आणि त्या निबंधाला दहापैकी आठ गुणही मिळवले आहेत. गंमत अशी की, तो निबंध लिहीपर्यंत मी संगणकाला एकदाही हात लावलेला नव्हता. आमच्या शाळेत संगणक होते. एका खोलीत ते ओळीने मांडलेले होते, त्यांवर प्लॅस्टिकची आच्छादने होती आणि खोलीला कुलूप होते. तपासणीसाठी साहेब येणार असले की खोली झाडली जाई, आच्छादने निघत आणि आम्हांला बजावले जाई, "हात लावायचा नाही, बिघडेल!" ते संगणक वापरून झिजले नाहीत. ते कुलपातच म्हातारे झाले.

आपल्याकडे संगणक कमी आहेत ही तक्रार मी पुष्कळदा ऐकते, आणि ती खोटी नाही. परंतु जे आहेत त्यांच्याकडून तरी आपण पुरते काम घेतो का? माझ्या मते घेत नाही. नवे यंत्र विकत घेण्याची ऐपत सर्वांची नसते. पण हाती असलेल्या यंत्राची शक्ती वाढवणे आपल्या हाती आहे. गरज आहे ती थोड्या देखभालीची, थोड्या माहितीची आणि पुष्कळशा निर्भयतेची.

आपला श्रीपूरचा परिसर उसाचा. गळीत हंगामात साखर कारखान्याची यंत्रे अहोरात्र चालतात ती काय दरवर्षी नवी आणली जातात म्हणून? हंगाम संपला की एकेक भाग उघडून त्याची साफसफाई आणि दुरुस्ती होते, झिजलेला भाग बदलला जातो, तेव्हा कुठे पुढचा हंगाम पार पडतो. विहिरीवरची मोटार जळाली तर शेतकरी ती रिवाइंडिंग करून आणतो, फेकून देत नाही. ही आपल्या घरातली अक्कल संगणकासमोर बसताच कोठे जाते, हे मला कोडे आहे.

माझाच अनुभव सांगते. बारावी झाल्यावर मामांनी त्यांचा वापरून जुना झालेला लॅपटॉप मला दिला. तो सुरू व्हायला आठ-दहा मिनिटे लागत. आई म्हणे, "आधी ते चालू कर, मग चुलीवर चहा ठेव, दोन्ही बरोबरच होतील." मी तो तालुक्याच्या गावी एका दुकानात नेला. दुकानदाराने तो उघडूनही पाहिला नाही. म्हणाला, "भंगारात घाला, चाळीस हजारांत नवा येतो." चाळीस हजार! उसाच्या बिलातून सोसायटीचे कर्ज फिटल्यावर आमच्या घरात एवढे उरत नाही. मी लॅपटॉप पिशवीत घालून मुकाट्याने परत आले.

मग आयटीआयमध्ये शिकणाऱ्या माझ्या चुलत भावाने तो उघडला. आत पंख्यावर धुळीचा थर साचला होता. पंखा कोंडला की यंत्र तापते आणि तापले की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. दुसरे कारण हार्डडिस्क. जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावर एक काटा माहिती शोधत हिंडतो. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने माहिती झटकन मिळते. तिसरे कारण म्हणजे संगणक सुरू होताच न बोलावता जागे होणारे पंधरा-वीस प्रोग्रॅम. आम्ही पंखा साफ केला, अठराशे रुपयांची एसएसडी बसवली आणि नको ते प्रोग्रॅम बंद केले. आता आईने गाळणी शोधेपर्यंत लॅपटॉप सुरू झालेला असतो. या लेखाची पक्की प्रत मी त्याच लॅपटॉपवर टाइप केली आहे.

कोणी म्हणेल, जुन्या यंत्राला मर्यादा असतातच. मान्य आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, आणि पुढच्या आवृत्तीला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय अनेक जुन्या संगणकांत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नसलेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे, हेही खरे. पण म्हणून ते यंत्र लगेच भंगारात जाते असे नाही. लिनक्स ही कार्यप्रणाली मोफत मिळते आणि तिचे हलके प्रकार जुन्या संगणकावरही बरे चालतात. आपल्या सी-डॅकने त्याच पायावर 'बॉस' नावाची भारतीय प्रणाली तयार केली आहे. केरळमधील सरकारी शाळांचे संगणकशिक्षण तर अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालत आले आहे. तेथील मुले करू शकतात, मग आपण का नाही?

सी-डॅकचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट आठवली. १९८०च्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तो शक्तिशाली महासंगणक देण्यास नकार दिला. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. त्यात एकच महाकाय प्रोसेसर नव्हता. अनेक लहान प्रोसेसर एकमेकांना जोडून त्यांच्याकडून एकजुटीने काम करून घेतले होते. जे मिळत नाही त्यासाठी रडत न बसता, जे मिळते त्याची मांडणी अशी करायची की त्यातून मोठे काम उभे राहावे, हा त्या यंत्राचा खरा धडा मला वाटतो.

आता टॅबविषयी. कोरोनाच्या काळात, २०२०-२१ मध्ये, अनेक घरांत टॅब आले. आज त्यांतील कितीतरी टॅब लहान मुलांना जेवताना कार्टून दाखवण्यापुरते उरले आहेत. आमच्या घरचाही त्याच वाटेवर होता. तो मंद झाला म्हणून मी वेग वाढवण्याचा दावा करणारे एक ॲप घातले, तर ते ॲपच जाहिरातींचा मारा करून उरलासुरला वेग खाऊ लागले! शेवटी ते काढले, जुने व्हिडिओ पुसून जागा मोकळी केली, तेव्हा टॅब पूर्वपदावर आला. यातून मी एक गोष्ट शिकले. टॅबला काहीतरी नवे घालून वेग येत नाही, नको ते काढून येतो.

आणि वेग आल्यावर त्याचे करायचे काय? हाच खरा प्रश्न आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्याचा पाया घातला तो मराठी विश्वकोश आज टॅबवर फुकट वाचता येतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तके मोफत उतरवून घेता येतात. एकदा घेतली की रेंज नसली तरी वाचता येतात. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. कागदावर छापलेला तो काळा-पांढरा चौकोन. त्याने साध्या मोबाइलला शिक्षक बनवले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले ते काही महागड्या यंत्रासाठी नव्हे.

मराठी टंकलेखनाचीही आपण अशीच हेळसांड करतो. प्रथम वर्षाचा माझा प्रकल्प मी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केला. शेवटच्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात फाइल उघडली, तर तुकारामांच्या जागी कंस, टिंबे आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी! दुकानाच्या पायरीवर बसून मी तो अक्षरशः हाताने पुन्हा लिहिला. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी कोणत्याही संगणकावर मराठीच दिसते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेला इनस्क्रिप्ट कळफलक आज बहुतेक संगणकांत असतोच. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. आणि तो शिकला की त्याच बोटांनी हिंदी व कन्नडही लिहिता येते. बाराखडी येणाऱ्याला तो अवघड का वाटावा?

काही प्राध्यापक म्हणतात की या यंत्रांनी विद्यार्थी बिघडतात. त्यांचा अनुभव मी नाकारत नाही. रात्र रात्र रील पाहणारे आमच्यातच आहेत. परंतु सर, ज्याला यंत्राचा दुसरा उपयोग कधी दाखवलाच नाही, तो करमणुकीशिवाय दुसरे काय करणार? कुलूप लावून शिस्त येते, विद्या येत नाही.

म्हणून माझी नम्र सूचना अशी. तास संपल्यावर रोज एक तास संगणक कक्ष सर्वांना, विशेषतः ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांना, मोकळा असावा. आठ-दहा विद्यार्थ्यांचे एक दुरुस्ती मंडळ व्हावे. त्याने महिन्यातून एकदा सर्वांचे लॅपटॉप-टॅब तपासावेत, धूळ काढावी, नको ते प्रोग्रॅम काढावेत. प्रथम वर्षात प्रत्येकाने युनिकोडमध्ये मराठी टाइप करायला शिकावे. याला मोठा खर्च नाही.

माझे वडील चौथी शिकलेले. अर्ज लिहून घ्यायला त्यांना आजवर दुसऱ्याच्या ओट्यावर ताटकळावे लागे. परवा मी टॅबवर मराठी बोलून लिहिण्याची सोय सुरू केली आणि म्हटले, "आता तुम्हीच सांगा." ते आधी घाबरले, "बिघडलं म्हंजी?" मग घसा खाकरून त्यांनी पाण्याच्या पाळीविषयीचा अर्ज सांगितला, आणि त्यांचे शब्द एकेक करून पडद्यावर उमटू लागले. दोन-तीन चुका झाल्या, त्या मी दुरुस्त केल्या. खाली सही मात्र त्यांनी कागदावर स्वतःच्या हाताने केली.

तो टॅब चार वर्षे आमच्या घरात होता. चार वर्षे वडील त्याच्या शेजारी बसून होते. मित्र-मैत्रिणींनो, आपल्या घरातली, वर्गातली ही आच्छादने आता काढू या. हात लावू या. बिघडले तर दुरुस्त करू!

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला