ठिणग्यांमागची वर्षे

बँकेत असताना खोपोलीच्या कारखान्यांतले वेल्डर माझ्या टेबलापाशी येत. ठेका संपला की फंड काढायचा, घराचे पत्रे बदलायचे आणि नव्या ठेकेदाराकडे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, हा त्यांचा रिवाज. चाळिशी ओलांडली की डोळे आणि कंबर कुरकुरू लागत; निवृत्तीची ५८ वर्षे मात्र दूरच.

१९९५च्या पेन्शन योजनेला १० वर्षांची सेवा लागते. ती एकाच मालकाकडे हवी असे नाही. पण मधेच पेन्शनचे पैसे उचलले, की तेवढी वर्षे पुसली जातात. ३० वर्षे जाळापुढे बसलेला माणूस मग कागदोपत्री नवखाच उरतो. म्हणून ठेका बदलताना खाते वर्ग करून घेणे हे मूळ कारखान्याने आपले काम मानायला हवे.

कर्जतच्या रस्त्याकडेच्या ग्रिलच्या दुकानांचे काय? २०पेक्षा कमी माणसे असली, की फंडाची सक्तीच नाही. तिथल्या पोरांना २०१५ची अटल पेन्शन योजना आहे. पण तिचे दार चाळिशीला बंद होते. म्हातारपणाचा विचार हात थरथरू लागल्यावर सुचतो, तेव्हा उशीर झालेला असतो. जोड गरम असतानाच बसतो, हे वेल्डरला कुणी शिकवायला नको.