पर्यावरणमंत्रिपद रद्द झालेले नाही

राज्याचे पर्यावरणमंत्रिपद २०२० मध्ये रद्द झाले, हे गेल्या अंकातील पत्रातले विधान चुकीचे आहे. त्या वर्षी ‘पर्यावरण विभाग’ हे नाव बदलून ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग’ झाले, इतकेच. खाते तेव्हा आदित्य ठाकरे यांच्याकडे होते. २०१४ ते २०१९ या काळात रामदास कदम यांनी जुन्या नावाने तेच सांभाळले होते.

केंद्रातही असेच घडले. १९८० मध्ये पर्यावरण विभाग निघाला, १९८५ मध्ये पर्यावरण व वन मंत्रालय झाले. सुरेश प्रभू १९९८-९९ मध्ये त्याचे मंत्री होते. मे २०१४ मध्ये नावाला हवामान बदलाची जोड मिळाली, आणि प्रकाश जावडेकर यांच्याकडे नव्या नावाचा कार्यभार प्रथम आला.

खरा फरक नावाहून अधिकारात आहे, आणि पत्रलेखकाने तो सोडून दिला. केंद्रात वने पर्यावरणासोबत आहेत; महाराष्ट्रात वनविभाग स्वतंत्र आहे. राज्याच्या पर्यावरणमंत्र्यांचे मुख्य साधन म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळ. कारखान्यांना संमती देणे, अटी मोडल्यास ते बंद करण्याचा आदेश काढणे हे मंडळाचे काम. एमआयडीसी मात्र उद्योग विभागाकडे, कारखान्यांची सुरक्षा तपासणारे संचालनालय कामगार विभागाकडे. ठाकुर्लीलगतच्या डोंबिवली औद्योगिक वसाहतीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये भीषण स्फोट झाले, माणसे दगावली. दोन्ही वेळी जबाबदारी या तीन खात्यांत विभागलेली होती, आणि पाटीवरचे नाव बदलल्याने ती विभागणी बदलली नाही.

– एक वाचक, ठाकुर्ली