उपद्रव कोणता आणि नावड कोणती?

ज्या घरांत चार माणसें एकत्र राहतात त्या घरांत एक न लिहिलेली तक्रारवही असतेच. शेजारचे गृहस्थ आपलें वर्तमानपत्र ‘दोन मिनिटांकरितां’ म्हणून नेतात आणि शब्दकोडें सोडवून दुपारीं परत करतात. कोणी चहाचा घोट असा घेतो कीं तो माजघरांत ऐकूं जावा. कोणी आगगाडीच्या डब्यांत आपल्या मोबाइलवरील विनोद सर्व प्रवाशांस ऐकवितो. दूरचे आप्त पायांवर पाणी घेण्यापूर्वींच मुलाचा पगार विचारतात. या गोष्टी क्षुल्लक आहेत हें आम्हांस मान्य आहे. परंतु मोठ्या दुःखांत घरें एकत्र येतात आणि क्षुल्लक गोष्टींवरून वेगळीं निघतात, हाहि अनुभव वाचकांस नवा नाहीं. म्हणून या महिन्यांत त्यांचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या मतें या तक्रारवहींत दोन निरनिराळीं खातीं असावयास हवीं. आपण तीं एकांत एक मिसळून टाकतों. एक खातें उपद्रवाचें. दुसऱ्याच्या सवयीनें आपला वेळ, आपली झोंप, आपली जागा किंवा आपलें आरोग्य हिरावलें जात असेल तर तो उपद्रव होय. दुसरें खातें नावडीचें. त्यांत आपलें कांहीं जात नाहीं. केवळ आपल्या अभिरुचीस किंवा आपल्या घरच्या रीतीस ती गोष्ट खटकते.

उदाहरणार्थ गोंदियाजवळचें नागरा हें गांव घ्यावें. तेथील प्राचीन शिवमंदिर प्रसिद्ध असून महाशिवरात्रीस तेथें मोठी यात्रा भरते. हा मुलूख सीमेवरचा. मध्यप्रदेशांतील बालाघाट जिल्हा शेजारींच आणि छत्तीसगडहि दूर नाहीं. साहजिकच तेथें मराठीबरोबर हिंदी, पोवारी अशा बोली कानीं पडतात. अशा यात्रेच्या रांगेंत लेकुरवाळ्या बाया तास तास उभ्या असतात आणि एखादे गृहस्थ ‘एवढें बेलाचें पान वाहून येतों’ म्हणत मध्येंच शिरतात. मागें दोनशें माणसें असतील आणि प्रत्येकाचा अर्धा मिनिट गेला, तर त्या एका पानापायीं त्यांनीं लोकांचीं १०० मिनिटें घेतलीं. हा उपद्रव झाला. परंतु रांगेंतील एखादे सुशिक्षित गृहस्थ या घुसणाऱ्याकडे पाहून जितक्या आठ्या घालतात, तितक्याच आठ्या पुढच्या बाईनें मुलाला ‘पानी’ हवें का म्हणून विचारलें तरी घालतात! वास्तविक झाडीपट्टीच्या बोलींत ‘ण’च्या जागीं ‘न’ आणि ‘ळ’च्या जागीं ‘र’ येतो. ती त्या बोलीची रीत आहे, चूक नव्हे; त्या बोलीचीं स्वतंत्र साहित्यसंमेलनेंहि भरतात. त्या बाईनें ‘पानी’ म्हटल्यानें कोणाचा क्षणहि गेला नाहीं.

हाच घोटाळा घरांत शिरला म्हणजे काय होतें तें पाहा. आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत झाडीपट्टीतील एक मुलगी सून होऊन आली. पदवीधर, हुशार आणि बोलकी. तिच्या प्रत्येक ‘न’ची दुरुस्ती पंगतींतच होऊं लागली, सासूबाई हंसून, नणंदबाई नक्कल करून आणि मामंजी व्याकरण सांगून ती करीत. कोणाच्याहि मनांत दुष्टपणा नव्हता. वर्षभरांत मुलगी शुद्ध बोलूं लागली असें मात्र झालें नाहीं. ती बोलेनाशी झाली. माहेरचा फोन आला कीं ती गच्चीवर जाते, कारण तेथें तिचे शब्द कोणी तपाशीत नाहीं.

त्याच घरांत थोरले काका पहांटे पांच वाजतां मोबाइलवर मोठ्यानें बातम्या लावतात. पलीकडच्या खोलींत बारावीचा मुलगा मध्यरात्रीपर्यंत वाचून झोंपलेला असतो. काकांस आजवर कोणी एक शब्दहि बोललेलें नाहीं. सुनेनें कोणाचें कांहीं घेतलें नव्हतें, तरी तिला रोज ऐकावें लागलें. काका रोज मुलाची झोंप घेतात, तरी त्यांस कांहीं ऐकावें लागत नाहीं. आपल्या घरांतून धाकट्यांस फार सांगितलें जातें आणि थोरांस फार थोडें, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस सुचत नाहीं.

दुसऱ्याच्या सवयींचा कंटाळा हा कांहीं आजचा नव्हे. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांस दिला आहे. दोघे बोलत बसले असतां मध्यें जाऊन दोन्ही हातांनीं डोकें खाजविणारा, पाण्यांत चूळ टाकणारा, वडिलांची कीर्ति सांगत फिरणारा, असे लोक सतराव्या शतकांतहि होते असें त्यावरून दिसतें. पण त्याच दशकाच्या शेवटच्या समासांत समर्थांनीं पढतमूर्खाचींहि लक्षणें सांगितलीं आहेत, हें आपण सोयीनें विसरतों. शिवाय हीं लक्षणें त्याग करण्यासाठीं सांगितलीं आहेत. शेजाऱ्यास मोजण्याकरितां आपण त्यांची फूटपट्टी केली, तर तो समर्थांचा दोष नव्हे.

आतां कांहीं सवयी अशा आहेत कीं त्या प्रथम केवळ किळसवाण्या वाटतात आणि पुढें उपद्रव ठरतात. थुंकणें ही त्यांपैकीं मुख्य. १८८२ सालीं रॉबर्ट कॉख यानें क्षयाचे जंतु शोधून काढले, तेव्हां थुंकण्याचा प्रश्न शिष्टाचाराच्या पुस्तकांतून आरोग्याच्या खात्याकडे गेला. न्यूयॉर्क शहरानें १८९६ सालीं सार्वजनिक ठिकाणीं थुंकण्यास बंदी केली. आपल्याकडे तर या सवयीपुढें पोलादहि टिकलें नाहीं. गोंदियावरून जाणारा लोहमार्ग जेथें संपतो त्या हावड्याचा प्रसिद्ध पूल १९४३ सालीं वाहतुकीस खुला झाला. पान-तंबाखूच्या पिंकांनीं त्याच्या आधारांच्या पायथ्याचें पोलाद झिजत असल्याचें २०१० च्या सुमारास आढळून आलें आणि तेथें फायबरग्लासचीं आवरणें बसवावीं लागलीं. अशा ठिकाणीं ‘ज्याची त्याची सवय’ म्हणून गप्प बसणें हा उदारपणा नव्हे.

कायदाहि नेमका हाच भेद करतो. ध्वनिप्रदूषणासंबंधींच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावतां येत नाहीं. सणासुदीसाठीं राज्यसरकारास वर्षांतील १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीं १२ पर्यंतची सवलत देतां येते. वस्तीच्या भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयानें जुलै २००५ मधील निकालांत सांगितलें कीं, बोलण्याचा हक्क जसा एकाला आहे तसा न ऐकण्याचा हक्क दुसऱ्यालाहि आहे. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसनें मुंबईस निघणाऱ्यांस मधल्या बर्थचें भांडण परिचयाचें असेल. रेल्वेनें २०१७ सालीं झोंपण्याची वेळ रात्रीं १० ते सकाळीं ६ अशी ठरवून दिली. झोंपणाऱ्याची झोंप आणि बसणाऱ्याची बैठक या दोहोंचें रक्षण त्या एका नियमानें होतें. मात्र चहा कसा प्यावा किंवा ‘ण’ कसा उच्चारावा, यासंबंधीं कोणत्याहि सरकारनें नियम केलेला नाहीं, आणि तें योग्यच आहे.

परंतु घरांत कायदा आणतां येत नाहीं. तेथें बोलावेंच लागतें. आपल्याकडे बहुधा दोनच प्रकार दिसतात. एक तर वर्षानुवर्षें मौन, किंवा मग एके दिवशीं मागील सर्व हिशेबासह स्फोट. याच्या मध्यें एक तिसरी वाट आहे. उपद्रव लहान असतांनाच, एकांतांत आणि थोडक्यांत सांगावा; माणसाच्या स्वभावाविषयीं न बोलतां झालेल्या नुकसानीविषयीं बोलावें. ‘तुम्हांला दुसऱ्याचा विचारच नाहीं’ हें वाक्य भांडणाचें आहे. ‘काका, बंडू बारापर्यंत वाचीत होता, सकाळीं इअरफोन लावाल का?’ हें वाक्य विनंतीचें आहे, आणि पुष्कळ काका तें ऐकतात. थोरांस सांगण्याचें काम मात्र घरांतील सर्वांत धाकट्यावर टाकूं नये. तें त्यांच्या बरोबरीच्या माणसानें, पत्नीनें किंवा भावानें, अंगावर घ्यावें.

नावडीच्या बाबतींत याच्या उलट रीत धरावी. तेथें सांगण्याचा अधिकार मागितल्यावांचून मिळत नाहीं. सुनेनें विचारलें, ‘आई, माझें बरोबर आहे का?’, तर सांगावें. न विचारल्यास तिची बोली ऐकावी. तिच्या ‘पानी’नेंहि तहान भागतेच.

वाचकांस आमची एक सूचना आहे. या महिन्यांत एक दिवस ठरवून, ज्या ज्या गोष्टीनें कपाळाला आठी पडेल ती कागदावर टिपून ठेवावी आणि रात्रीं प्रत्येकीपुढें ‘माझें काय गेलें?’ या प्रश्नाचें उत्तर लिहावें. जेथें उत्तर सांपडणार नाहीं ती ओळ खोडून टाकावी. ज्या ओळी उरतील त्यांतील एक, जिच्याशीं संबंध असेल त्या माणसास, दुसऱ्या दिवशीं सौम्य शब्दांत सांगावी. कागद मात्र फाडून टाकावा. तो घरांत दुसऱ्या कोणाच्या हातीं लागला, तर त्याचाच एक नवा उपद्रव व्हावयाचा!