रिकाम्या गुहांचा सूर्यास्त

जॉर्डनमधल्या पेत्राचे मावळतीचे फोटो आता आपल्या नात्यागोत्यातही फिरू लागले आहेत. ‘अद-दैर’ या कोरीव वास्तूपर्यंत सुमारे ८०० पायऱ्या चढायच्या, वाटाड्या सांगेल तिथे उभे राहायचे, तांबूस दगड उजळला की बटण दाबायचे. चौकटीत माणूस आला की फोटो बिघडला!

का बिघडला? याच गुहांत बदूल टोळीचे संसार होते, चुली होत्या, शेळ्या होत्या. १९८५ साली पेत्रा जागतिक वारसा ठरले आणि त्याच सुमारास सरकारने या लोकांना जवळच्या उम्म सैहून गावात हलवले. आज तेच पाहुण्यांसाठी गाढवे हाकतात, चहा ओततात. घरधनी शोभेची वस्तू झाला.

वारसा जपायला हवा, हे कबूल. पण चुलीच्या धुराची चिंता वाहणाऱ्यांना पर्यटकांच्या बुटांखाली झिजणारा मऊ वालुकाश्म कसा दिसत नाही?

आणि हे दूरदेशीचे म्हणून सोडू नका. हंपीत विरूपाक्षासमोरच्या बाजारातली घरेदुकाने २०११ साली पाडली. आपण सीमाभागातली मंडळी दिवाळीच्या सुट्टीत मातंग टेकडीवर चढतो, सूर्य टिपतो, खाली बघतो आणि म्हणतो, ‘‘किती मोकळं वाटतंय हो आता!’’