बिलाच्या तळाशी ‘जळगाव ज्युरिस्डिक्शन’

जळगावच्या दाणाबाजारातील पेढी असो वा धुळ्यातील, बिलबुकाच्या तळाशी बारीक टाइपात एक इंग्रजी ओळ हमखास आढळते : ‘सब्जेक्ट टू जळगाव ज्युरिस्डिक्शन’. धुळ्यात गावाचे नाव तेवढे बदलते. ही ओळ बहुधा कोणी विचार करून लिहिलेली नसते. छापखान्याच्या नमुन्यातून ती वडिलांच्या बिलबुकावर आली आणि तेथून मुलाच्या. उधारी वेळेवर येत असते तोवर तिच्याकडे लक्ष जात नाही. डाळीचा ट्रक परराज्यात उतरला आणि रक्कम अडकली, की मग वकिलाच्या टेबलावर तीच ओळ प्रथम वाचली जाते.

ज्युरिस्डिक्शन म्हणजे न्यायालयाचे अधिकारक्षेत्र. ही ओळ छापली की दावा आपल्याच गावी चालेल, हा समज बाजारात रूढ आहे. वस्तुतः 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे 20 वे कलम सांगते की, प्रतिवादी जेथे राहतो वा व्यवसाय करतो तेथे, अथवा दाव्याचे कारण पूर्णतः किंवा अंशतः जेथे घडले तेथे दावा दाखल करता येतो. अशी दोन-तीन गावे पात्र ठरत असतील, तर कराराने त्यांतील एक निवडता येते. मात्र ज्या न्यायालयाला मुळातच अधिकार नाही, त्याला तो पक्षकारांच्या संमतीनेही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये हकमसिंग विरुद्ध गॅमन या खटल्यात हे स्पष्ट केले.

शब्दांचा खरा कस लागला तो 1989 मध्ये. गुजरातमधील एका उत्पादकाने सेलमच्या खरेदीदाराला जरीचे धागे पुरवण्याचा करार केला होता. वाद ‘कैरा ज्युरिस्डिक्शन’च्या अधीन राहील, असे त्यात लिहिलेले होते. तरीही सेलमचे न्यायालय बाद होत नाही, असा निर्णय झाला. कारण ‘केवळ’ किंवा ‘फक्त’ अशा अर्थाचा शब्द तेथे नव्हता. पुढे 2013 मध्ये स्वस्तिक गॅसेस प्रकरणात न्यायालयाने अधिक उदार अर्थ लावला. ‘कोलकाता येथील न्यायालये’ असा उल्लेख करारात होता. ‘फक्त’ नसूनही इतर ठिकाणे वगळण्याचा हेतू त्यातून दिसतो, असे ठरले. तेव्हा आज ‘फक्त’ अपरिहार्य नाही. पण एका शब्दाच्या शाईची बचत करून वर्षानुवर्षे वाद ओढवून घेणे कोणत्या हिशेबात बसते?

म्हणून ‘जळगाव ज्युरिस्डिक्शन’ या मोघम शब्दांऐवजी ‘कोर्ट्स ॲट जळगाव ओन्ली’ असे लिहावे. मराठीत ‘फक्त जळगाव येथील न्यायालये’. याहून मोठी त्रुटी जागेची आहे. बिल बहुधा मालाबरोबर जाते, म्हणजे सौदा ठरल्यानंतर. खरेदीदाराने ही अट केव्हा मान्य केली, हा प्रश्न मग उभा राहतोच. हीच ओळ सौद्याच्या वेळी ऑर्डर फॉर्मवर, खरेदीदाराच्या सहीच्या वर असेल, तर त्याला नाकारणे अवघड जाते.

हिशेबाच्या संगणकीय प्रणालीतही ही ओळ एकदा भरली की प्रत्येक बिलावर आपोआप उमटते. जळगावच्या पेढीने धुळ्यात शाखा काढताना जुनी फाईल तशीच उतरवून घेतली, तर धुळ्याच्याच गिऱ्हाइकाला धुळ्यातच विकलेल्या मालाच्या बिलावरही जळगाव छापले जात राहते.