खेळायचेच असेल तर भिंतीवर

सुट्टी लागली की बहुतेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते: मुलगा इतक्या महिन्यांनी घरी आला आणि मोबाईलमध्ये डोके घालून बसला. तक्रार खरी आहे. हॉस्टेलवर मोबाईल मिळत नाही, त्याची कसर आम्ही घरी भरून काढतो. पण 'गेम बंद' हा उपाय मला पटत नाही. घरात प्रोजेक्टर असेल तर गेम भिंतीवर खेळू द्यावा, असे माझे मत आहे. त्यासाठी नवा विकत घ्या असे मी म्हणत नाही.

मोबाईलवरचा गेम एकट्याचा असतो, दार लावून, कानात इअरफोन घालून. भिंतीवरचे सहा फुटांचे चित्र कुणापासून लपत नाही. फुटबॉलचा सामना लावला की धाकटी बहीण दुसरा कंट्रोलर मागते आणि आजी विचारते, आपली टीम कोणत्या रंगाची? 'मोठा पडदा म्हणजे मोठे व्यसन' असे काही मोठी माणसे म्हणतात. मला उलट वाटते. मोबाईल रात्री दोन वाजता पांघरुणात चालतो. पडदे ओढून, केबल जोडून, सगळ्यांच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर गुपचूप लावून दाखवा!

अडचणी आहेतच. सिनेमा बघताना चित्र किंचित उशिरा आले तरी कळत नाही, गेममध्ये लगेच कळते. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकते. बटण दाबल्यावर प्रोजेक्टरने १०० मिलिसेकंद घेतले, तर आपण सहा चित्रे मागे. गोलकीपर उडी मारेपर्यंत चेंडू जाळ्यात. म्हणून मेनूत 'गेम मोड' असेल तर तो लावावा. प्रोजेक्टर तिरका ठेवून 'कीस्टोन'ने चित्र चौकोनी करू नये, कारण त्या दुरुस्तीतही अनेक मॉडेल्सचा वेळ जातो. तो भिंतीसमोर सरळ ठेवावा. स्पीकर ब्लूटूथऐवजी वायरने जोडावा, नाहीतर गोल आधी आणि जल्लोष नंतर. खोलीत अंधार हवा, कारण प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. भिंत जेवढी उजळ, तेवढाच त्याचा 'काळा'. आणि लहान भावंडांना लेन्समध्ये बघू देऊ नये, हे सर्वांत आधी.

नेमबाजीचे ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांना हे पटणार नाही. त्यांना मॉनिटरच बरा.

ज्यांचे बाबा फौजेत आहेत, त्यांची रजा आणि आमची सुट्टी वर्षातून जेमतेम आठ-दहा दिवस जुळते. त्यातल्या संध्याकाळी दोघांनी दोन खोल्यांत दोन मोबाईल बघण्यात घालवायच्या का? पालकांना विनंती आहे की, दुसरा कंट्रोलर तुम्ही घ्या. हरलात तर शाळेत कुणाला सांगणार नाही.