जॅकेट अंगावर, जबाबदारी कुणावर?

बुलेटप्रूफ जॅकेट सामान्य माणसाला घेता येते का, हा प्रश्न तारापूर एमआयडीसीतून रात्रपाळी करून लोकलने घरी परतणारी मुले विचारतात. त्यावर हसू नये. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई एक्स्प्रेस पालघर सोडून पुढे गेली आणि चालत्या गाडीत चौघे मारले गेले. रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायाने आधी आपले वरिष्ठ टिकाराम मीना यांना आणि मग डब्याडब्यांतून फिरत तीन मुस्लिम प्रवाशांना गोळ्या घातल्याचा आरोप आहे. मृतांपैकी एक आपल्याच जिल्ह्यातले, नालासोपाऱ्याचे.

कायद्याचे म्हणाल तर १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ म्हणजे हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेले हत्यार. जॅकेट हत्यार नाही. घरगुती वा शेतीकामाची लाठीही त्या व्याख्येतून वगळली आहे. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागू झाला की हीच लाठी घेऊन रस्त्यावर फिरणे गुन्हा ठरते. हा फरक आपल्या पोरांनी पक्का लक्षात ठेवावा. बचावाच्या नावाखाली तलवार-गुप्ती जवळ बाळगणारा स्वतःही अडकतो, घरच्यांनाही अडकवतो.

पण जॅकेटने साधणार काय? मऊ थरांचे हलके जॅकेट पिस्तुलाची गोळी अडवते, रायफलीची नाही. मान, खांदे, डोके तर उघडेच. २६/११ च्या रात्री हेमंत करकरे जॅकेट चढवताना साऱ्या देशाने पाहिले होते. आणि त्या गाडीत चालली ती बंदूक सरकारी होती. प्रवाशांच्या रक्षणासाठीच दिलेली. तिचा जाब सरकारनेच द्यायचा.

जमावापुढे तर जॅकेट आणखीच निरुपयोगी. १६ एप्रिल २०२० ला डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले येथे मुले पळवणारे समजून दोन साधू आणि त्यांचा चालक यांना पोलिसांसमोर मारले गेले. दोष लगेच मुसलमानांवर ढकलला जाऊ लागला. अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही, हे गृहमंत्री अनिल देशमुख यांना जाहीर सांगावे लागले. अफवेला धर्म विचारायला सवड नसते; ती आज साधूंवर, उद्या फेरीवाल्यावर.

तहसीन पूनावाला खटल्यात १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे: प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाचा नोडल अधिकारी, ठाणेदारांसोबत त्याची नियमित बैठक, कुचराई करणाऱ्या पोलिसांवर कारवाई, शक्यतो ६ महिन्यांत खटल्याचा निकाल. पालघरचा हा अधिकारी कोण? त्याच्या बैठका झाल्या का, इतिवृत्ते कुठे आहेत? जॅकेटची किंमत विचारणाऱ्या प्रत्येकाने जिल्हा पोलीस कार्यालयात माहिती अधिकाराखाली हेच विचारावे. अर्जाचे शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.